बटणांचा डबा, बर्मिंगहॅमचा

ऑनसाइटला बर्मिंगहॅममध्ये तीन महिने मिळाले, तर वीकेंडला माणूस काय करतो? मॉल, फार तर लंडन. मी मात्र छर्ऱ्यांचे डबे शोधत हिंडले.

हसू नका! एअरगनचे शिशाचे छर्रे ज्या छोट्या, गोल पत्र्याच्या डब्यांतून विकायचे, ते हौसेने जमवणारे लोक इथे आहेत. आमच्याकडे तसा एक होता. आजीच्या शिलाई मशीनच्या खणात, बटणांनी भरलेला, झाकणावर पुसटसं ‘बर्मिंगहॅम’. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत तो मीच भंगारात घातला. आजी काहीच बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सुरुवात केली गन क्वार्टरपासून. इथल्या स्टीलहाउस लेनवर लिंकन जेफ्रीजचं दुकान होतं. त्याच्या डिझाइनची एअर रायफल बीएसएने १९०५ पासून बनवली, आणि त्याचे ‘मार्क्समन’ छर्रेही गाजले. जवळच वीमन स्ट्रीटवर वेबलीचा कारखाना. आज? ऑफिसं, पार्किंग आणि सुसाट रिंग रोड. नाव तेवढं बंदुकांचं.

डबे मिळाले ते रविवारच्या जुन्या बाजारात. विकणारे आजोबा एकदम रंगात आले. डब्यावर साल क्वचितच असतं म्हणे. वय ओळखायचं ते कंपनीच्या पत्त्यावरून, अक्षरांवरून. किंमत शिलिंगमध्ये असेल तर डबा फेब्रुवारी १९७१ च्या आधीचा, कारण तेव्हा शिलिंग-पेन्स बंद झाले. ‘नंबर २’ म्हणजे पॉइंट टू-टू. गंजलेला डबा घासायचा नाही, छपाईच निघून येते. आणि आत पांढरी भुकटी दिसली तर हात धुवायचे, ते शिशाचं विष.

म्हणजे आजीची बटणं इतकी वर्षं... जाऊ दे.

निळ्या झाकणाचा एक डबा उचलला. भरलेला, ५०० छर्रे, जवळपास अर्धा किलो! विमानात कुठे नेणार? आजोबांनी ते बरणीत ओतून घेतले आणि रिकामा डबा १२ पौंडांना दिला. आपला तो हाच होता का, देव जाणे. मला आठवतो तो फक्त गावाच्या नावापुरता.

रात्री फोनवर आजीला सगळं सांगितलं. डबा धुऊन, आत कागद घालून देते, हेही.

“ते असू दे,” ती म्हणाली, “झाकण घट्ट बसतं ना गं? त्याचं सैल झालं होतं.”