अब्बांचे पाय आणि ताडपत्री

गेल्या मेअखेरीस आम्ही घरचे सगळे कोकणातल्या आमच्या आंब्याच्या बागेत दोन रात्री राहायला गेलो. मुलांनी हॅमॉक आणले होते, पण झाडाखाली झोपायची हौस अब्बांचीच मोठी. वर बांधायला बाजारातून ९ बाय ६ ची निळी ताडपत्री घेतली. स्वस्त होती, एवढाच विचार.

हॅमॉकचे कापड ११ फुटांचे. पण ते ताणून बांधत नाहीत, झोल ठेवतात. मग दोन टोकांत सव्वानऊ फूट अंतर उरते. म्हणजे ताडपत्री आधीच तोकडी. फजरच्या थोडे आधी वळवाची सर आली, तीही वाऱ्यासोबत. अब्बांचे पाय आणि चादर भिजली. "काही होत नाही," म्हणाले, आणि पुढे आठ दिवस खोकत राहिले. मोजायची टेप घरातच होती. आम्ही मोजलेच नव्हते.

आता १२ बाय १० ची घेतली आहे. टोकांना सव्वा-दीड फूट जास्त, दोन्ही बाजूंना पाच-पाच फुटांचा उतार. १० बाय १० ची तिरकी बांधली तर लांबी १४ फूट भरते, पण टोकांकडे ती निमुळती होते. तिरक्या पावसात उपयोग नाही. फार मोठीही नको. आमची झाडे १४ फुटांवर आहेत, आणि मोठी ताडपत्री वाऱ्यात फडफडून झोप मोडते. हॅमॉकच्या दोरीला सुतळीचा तुकडाही बांधतो, म्हणजे दोरीवरून ओघळणारे पाणी तिथेच ठिबकते.

अब्बा यंदाही येणार म्हणतात. अम्मीने अजून हो म्हटलेले नाही.