उन्हात असूनही उपाशी कॅमेरा

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ पासून १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. धुळे जिल्ह्यात उन्हाला तोटा नाही. तरी आमच्या दारावरचा सौर कॅमेरा दर चार दिवसांनी बंद पडे. आम्ही दोघे कामावर, घरी म्हातारी आई एकटी, जिवाला घोर. दुकानदार म्हणाला, नवी बॅटरी घ्या.

आधी मी शिडी लावली. पॅनेलवर धुळीचा थर, दुपारनंतर निंबाची सावली. सकाळी पॅनेल थंड असताना ओल्या फडक्याने पुसले, सावलीतून काढून दक्षिणेकडे तोंड करून बसवले, वायरची सैल पिन घट्ट केली. रस्त्यावरच्या प्रत्येक हालचालीने कॅमेरा जागा होऊन बॅटरी खाई. त्याची नजर फक्त दारापुरती ठेवली.

बंधूभगिनींनो, कष्टाचा पैसा खर्चण्याआधी एवढे करून पाहा. पावसाळ्यात मात्र अधूनमधून चार्जर लावावाच लागतो.