दिवेलागणीच्या आत

दूरच्या गावी जाण्यासाठी मनुष्याला पैसा लागतो, रजा लागते, बांधाबांध लागते. जवळच्या गावी जाण्यासाठी यांतले काहीच लागत नाही, आणि म्हणूनच बहुधा तो तेथे कधी जात नाही. हा सिद्धांत मी कोणा शास्त्रकाराच्या ग्रंथातून उचललेला नाही. माझ्या आयुष्यातल्या चोवीस वर्षांतून तो निघाला आहे. या चोवीस वर्षांत आम्ही उभयतांनी काशी केली, कन्याकुमारीच्या खडकावर बसून सूर्यास्त पाहिला, म्हैसूरच्या राजवाड्यातले दिवे पाहिले. परंतु पनवेलच्या आमच्या घराच्या गच्चीतून रोज दिसणारा कर्नाळ्याचा अंगठा मात्र आम्ही गच्चीतूनच पाहत आलो. एकदा नागपूरकडचे एक स्नेही आमच्याकडे उतरले होते. त्यांनी त्या सुळक्याकडे बोट दाखवून विचारले, “हे काय?” मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “कर्नाळा.” “वर काय आहे?” हा त्यांचा दुसरा प्रश्न. त्यावर मी आत वळून चहा झाला का, याची चौकशी केली!

माझ्या बाजूने एवढेच सांगता येईल की, मी नोकरीसाठी रोज मुंबईला जात होतो. १९९८ साली मुंबईची लोकल पनवेलपर्यंत आली आणि तिच्यामागोमाग आम्हीही येथे बिऱ्हाड केले. सकाळी अंधारात मी घराबाहेर पडत असे आणि रात्री अंधारात परतत असे. त्यामुळे पनवेल हे गाव मी दोन तपे केवळ दिव्यांच्या उजेडात पाहिले, असे म्हटले तरी चालेल. रविवार हा झोपेचा आणि बाजाराचा वार. आमच्या सौभाग्यवती येथल्याच एका शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना हे गाव माझ्यापेक्षा पुष्कळ ठाऊक होते, पण त्यांच्याही पायांना घर, शाळा आणि भाजीबाजार या त्रिकोणाबाहेर फारशी सवड नव्हती. २०२२ साली मी निवृत्त झालो. पहिल्याच आठवड्यात, मी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसुद्धा वाचून संपवल्या आहेत असे पाहून, तिने मला शांतपणे विचारले, “अहो, आपण पनवेलला राहतो की नुसते पनवेलला उतरतो?”

या प्रश्नातून आमच्या सहली जन्माला आल्या. तिने हजेरीपटासारखी एक वही आखली आणि नियम घातले. सहल गुरुवारी, कारण रविवारी सारे जगच बाहेर पडते. वाहन एस.टी.चे, रिक्षाचे किंवा स्वतःच्या पायांचे. शिदोरी घरची. आणि दिवेलागणीच्या आत घरी. शेवटच्या नियमाचे कारण मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही इतकी वर्षे दिवे लागल्यावर आलात. आता तरी दिवे लावायला घरी असा.” यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

पहिली सहल गावातल्या गावातच झाली. वडाळे तळ्याच्या काठी बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही कृष्णाळे आणि विश्राळे या तळ्यांवरून फिरत फिरत इस्राईल तळ्याचा शोध काढला. हे नाव मी शेकडो वेळा रिक्षावाल्यांच्या तोंडून ऐकले होते. ते कोठून आले, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. कोकणच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्राईल लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. त्यांचे ‘बेथ एल’ हे प्रार्थनामंदिर पनवेलमध्ये १८४९ पासून उभे आहे. येथली नगरपालिका त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे १८५२ साली स्थापन झाली. १९४८ नंतर या समाजातली पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली, पण तळ्याने आपले नाव टाकले नाही.

मग आम्ही बंदराच्या बाजूला गेलो. आज तेथे उभे राहून गलबते डोळ्यांपुढे आणायची म्हणजे कल्पनाशक्तीला पुष्कळच ताण द्यावा लागतो. तथापि एके काळी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी खाडीतून या बंदरात उतरे आणि पुढे गाडीने किंवा पालखीने घाटाकडे निघे. बोरघाटाचा रस्ता १८३० साली खुला झाला, तेव्हा पनवेल म्हणजे पुण्याचे दारच होते. पुढे १८६३ साली आगगाडी बोरघाट चढली. ती कल्याणवरून जात असल्यामुळे पनवेल बाजूला पडले. सव्वाशेहून अधिक वर्षांनी द्रुतगती मार्ग आला, कोकणची रेल्वे आली, लोकल आली, आणि प्रवाशांचा लोंढा पुन्हा येथून वाहू लागला. हे सगळे ध्यानात आल्यावर मला आमच्या गावाचे नशीब कळले. येथे उतरायचे ते वाहन बदलण्यासाठी! जो तो पुढे जाण्याच्या घाईत. सौभाग्यवतींचा तो प्रश्न एकट्या मला लागू नव्हता, हे जाणून मला जरा बरे वाटले.

दुसरी सहल शिरढोणची. गोव्याच्या रस्त्यावर कर्नाळ्याच्या अलीकडे हे गाव लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके येथे जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. शाळेच्या पुस्तकात मला त्यांचे बंड भेटले होते, एडनचा तुरुंग भेटला होता, १७ फेब्रुवारी १८८३ हा त्यांच्या मृत्यूचा दिवसही पाठ झाला होता. परंतु पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी करत असता आईच्या अंतकाळी त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही, ही गोष्ट शिरढोणला उभे राहिल्यावर मला जेवढी बोचली तेवढी पूर्वी कधी बोचली नव्हती. मीही जन्मभर कारकुनीच केली. फरक एवढाच, की मला रजा मिळत होती आणि मी ती शिल्लक टाकत होतो. निवृत्तीच्या वेळी त्या शिल्लक रजेचे पैसे हातात आले, तेव्हा मी स्वतःला मोठा धोरणी समजलो होतो.

कर्नाळा आम्ही मार्गशीर्षात चढलो. पायथ्याचे रान १९६८ पासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे. क्षेत्र अवघे बारा चौरस किलोमीटर, पण एस.टी.तून उतरून पन्नास पावले आत गेले की, रस्त्याचा गोंगाट मागे राहतो. एका वळणावर स्वर्गीय नर्तकाचा नर आपली पांढरी फीत मिरवत आमच्यासमोरून गेला आणि गुडघे दुखतात अशी तक्रार करणारी माझी पत्नी ते दुखणे विसरून त्याच्यामागे चालू लागली. दम लागून पहिल्याने खाली बसलो तो मी. सुळक्याच्या पोटाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. वर उघड्या कड्यावर मधमाश्यांची मोहोळे लोंबत असतात, म्हणून तेथे मोठ्याने बोलू नये असे सांगतात. नागपूरच्या स्नेह्यांना द्यायचे उत्तर मला अखेर सापडले होते.

ते उत्तर मनाशी जुळवीत मी वळलो, तो ती वायव्येकडे तोंड करून उभी होती. खाली खाडी चमकत होती, तिच्या पलीकडे धुक्यात मुंबई होती, आणि अलीकडे सपाट केलेली लांबच लांब जमीन पसरली होती. ती बराच वेळ तिकडे पाहत होती. मग म्हणाली, “टेकडी कोणत्या जागी होती, तेही आता कळत नाही.”

ही उलव्याची टेकडी. सुमारे नव्वद मीटर उंचीची, नकाशावर कोणाच्या नजरेत न भरणारी. तिच्या आजूबाजूच्या वस्त्यांपैकी एका गावात माझ्या पत्नीचे आजोळ होते. ती पेणची, पण उन्हाळ्याची सुटी या टेकडीखाली मामाकडे जायची. भाताची खाचरे, खाडीचा बांध, खळ्यावर अंथरलेली पथारी, टेकडीवरची करवंदे हे सारे मी लग्नानंतर इतक्या वेळा ऐकले होते की, ते मी पाहिलेच आहे असा माझा समज झाला होता. पनवेलला बिऱ्हाड केल्यावर ती दरवर्षी म्हणे, “एकदा तुम्हांला दाखवून आणते.” मी दरवर्षी म्हणे, “हे काय, हाकेच्या अंतरावर तर आहे. केव्हाही जाऊ.” हाकेच्या अंतरावरचे गाव हाक मारल्याशिवाय कोठे जाणार नाही, अशी माझी खात्री होती. पुढे विमानतळाचे काम सुरू झाले. टेकडी सुरुंगांनी फोडून तिच्याच मुरमाने खालची खाजणे भरली, उलवे नदीला नवा मार्ग काढून दिला आणि दहा वस्त्या उठवून दुसरीकडे वसवल्या. सुरुंगांचे हादरे आमच्या खिडक्यांपर्यंत येत. त्या आवाजाने ती हातातले काम थांबवी, आणि मी वर्तमानपत्राचे पान उलटी.

विमानतळ होऊ नये असे माझे म्हणणे नाही. आगगाडी, सडका, पूल या सगळ्यांचा लाभ मी घेतला आहे. उद्या विमानाचाही घेईन. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी मोबदल्यासाठी कसा लढा दिला, हेही मला ठाऊक आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे त्या लढ्यातूनच मान्य झाले. त्याही आधी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहाच्या वेळी गोळ्या चालल्या आणि आठ जण कामी आले. कर्नाळ्यानंतरची आमची सहल चिरनेरचीच होती. हुतात्म्यांच्या स्मारकापुढे उभे असता मला वाटले की, या मातीतली माणसे जमिनीसाठी आणि रानासाठी जीव देत आली, आणि मी तीच जमीन, तेच रान पाहायला अर्धा दिवस देऊ शकलो नाही. माझी तक्रार कोणत्याही सरकारावर नाही. ती माझ्यावर आहे.

चिरनेरहून परतताना मी तिला म्हणालो, “गाव नाही, पण माणसे आहेत ना? पुढच्या गुरुवारी मामींकडे जाऊ.” तिने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता वहीत नोंद केली.

मामी आता ऐंशीच्या पुढे आहेत. वडघरच्या बाजूला नव्या वसाहतीत मुलाने दोन मजली घर बांधले आहे. फरशी गुळगुळीत, दाराशी मोटार. मामी पायरीवर बसल्या होत्या. “आयलीस गो बाय!” एवढेच त्या म्हणाल्या आणि भाचीचे दोन्ही हात धरून बसल्या. त्यांना बोलते करावे लागले नाही. गावातला देव विधिपूर्वक आणून नव्या देवळात बसवला, शेजारीपाजारीही बहुतेक जवळच आले. पण देव आणता आला, विहीर कोणी कशी आणावी, असे त्या म्हणाल्या. जुन्या घरातली एकच वस्तू त्यांनी हट्टाने आणली होती, ती म्हणजे जाते. दळण गिरणीतून येते, तेव्हा जात्याला काम उरले नाही. जिन्याखाली ते पडून असते. माझी पत्नी जमिनीवर बसली, खुंटा धरला आणि रिकामे जाते दोन वेळा फिरवले. त्याची घरघर त्या चकचकीत घरात फार मोठी वाटली. मग तिने मान वर करून मला म्हटले, “हे पाहा, माझे आजोळ.”

निघताना ऊन कलले होते. नियमाप्रमाणे उठायलाच हवे होते. पण मामींच्या सुनेने चुलीवर वालाची आमटी चढवली होती, आणि माहेरवाशिणीला दिव्याच्या वेळी कोणी उठू देत नाही. देवापाशी दिवा लागला, तेव्हा आम्ही तेथेच होतो. त्या रात्री घरी पोचायला साडेनऊ झाले. नियम मोडल्याचा उल्लेख दोघांपैकी कोणीही केला नाही.

त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबरच्या अखेरीस विमाने उडू लागली. आमचा मुलगा बंगळूरला असतो. पुढच्या खेपेला तो येथेच उतरणार असे त्याने कळवले, तेव्हा मी म्हटले, “चला, आता घरापासून अर्ध्या तासात!” ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्याला सांगा, उतरशील तेव्हा पाऊल जपून टाक. खाली खळे आहे.”

वहीत आता देहरंगचे धरण आहे, माथेरानच्या पायथ्याचे धोदाणी आहे, प्रबळची माची आहे. गुडघ्यांचा विचार करता शेवटचे नाव जरा धाडसाचेच. परवा मी सहज म्हटले, “प्रबळगड काय, तेथेच आहे. पाऊस संपल्यावर केव्हाही जाऊ.” तिने पेन्सिल उचलली आणि त्या ‘केव्हाही’च्या जागी तारीख घालून वही माझ्यापुढे सरकवली. मी निमूटपणे सही केली.