मायची चंची

माझ्या मायच्या कमरेला एक चंची असते. लाल खणाची, तीन कप्प्यांची. मी लहान होतो तेव्हा त्या चंचीत पान, सुपारी, चुना, तंबाखू असायची. खुरपायला जाताना बांधावर बसून ती सुपारी कातरायची, मी बघत बसायचो. आता त्या चंचीत गोळ्या आहेत. सुपारी कधी गेली आणि गोळ्या कधी आल्या, मला माहीत नाही. मी तिचा पोटचा पोरगा. शिकलेला. मोर्च्यात पुढं चालणारा. परभणीच्या रस्त्यावर घसा फाटेस्तोवर घोषणा देणारा. आणि मला माहीत नाही. या माहीत नसण्याचीच ही गोष्ट आहे.

मायच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे 1 जानेवारी 1950. लिहिणाऱ्यानं लिहून टाकली. ज्यांचा जन्म कुणी नोंदलाच नाही, ते आमचे सगळे म्हातारे एक जानेवारीलाच जन्मलेत. पण 1972 चा दुष्काळ तिला दिवसावार आठवतो. गंगाखेडच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं होतं. उकिडवं बसून दिवसभर खडी फोडायची, सुकडी खायची, पाण्यासाठी कोसभर जायचं. दुष्काळ सरला, मग ऊसतोड. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढायचं. अंगातली ताकद गेली तशी ऊसतोड सुटली, मग कापूस वेचणी, खुरपणी. गुडघे यातच गेले. डाक्टर म्हणतात वयानं झिजले. वय तर गावातल्या वाड्यातल्या म्हातारीचंही झालंय. ती पलंगावर बसून गुडघ्याला तेल लावून घेते.

बाजाराच्या दिवशी माय तालुक्याला जायची. तिथं एक डाक्टर. नाव सांगत नाही. असा काही एकटाच नाही, गावोगाव आहे.

"काय होतंय म्हातारे?"

"गुडघे दुखायलेत."

झालं. एवढंच बोलणं. बीपी बघितलं नाही, लघवी-रक्त तपासलं नाही, आधीच काय खातीस हे विचारलं नाही. एक सुई आणि कागदाच्या पुडीत गोळ्या. एक पांढरी, एक गुलाबी, एक बारकी पिवळी. चिठ्ठी नाही, गोळीवर नाव नाही. पुडी सरली की माय उरलेली गोळी मेडिकलवर दाखवायची, मेडिकलवाला तसल्याच रंगाची द्यायचा. गोळी बदलली तरी मायला काय कळणार? तिच्यासाठी रंग हेच नाव.

आणि गुण यायचा, हे खोटं बोलून चालणार नाही. सकाळी गोळी घेतली की माय तरातरा रानात. दोन-तीन वर्षांत ती अंगानं भरली. गाल गोल झाले. वाड्यातल्या बाया म्हणायच्या, लेकाचं मानवलं म्हातारीला. मला छाती फुगवून सांगावंसं वाटायचं. ते मानवणं नव्हतं, ती सूज होती. हे मला नंतर कळलं.

2022 च्या मे महिन्यात कळलं. आमच्याकडं मे महिना म्हणजे नुसती भट्टी. माय तशा उन्हात पऱ्हाट्या उपटायला गेली होती. तीन दिवस उलट्या. पाय टम्म सुजले. लघवी नावालाच. शौचाला डांबरासारखं काळं. मी तिला परभणीला आणलं. रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनीन असावं एकच्या आसपास, मायचं साडेचार.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं मला एकच प्रश्न विचारला, "या कोणकोणती औषधं घेतात?"

मी गप्प. महाडचा सत्याग्रह कोणत्या तारखेला झाला ते मला विचारा. पुणे करारात कोणी कोणी सह्या केल्या ते विचारा. नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 चा आणि नामविस्तार 14 जानेवारी 1994 चा, हे झोपेतून उठवून विचारा. माय काय खाते ते मला सांगता येईना.

मायनंच चंची सोडली. डॉक्टरणीनं ती टेबलावर उलटी केली. अकरा जातीच्या गोळ्या निघाल्या. तीन वेगवेगळ्या दुखण्याच्या. बीपीची एकच गोळी दोन नावांनी. एक सरकारी दवाखान्यातली, एक खाजगी डाक्टरची. माय दोन्ही खात होती. एक लघवी होण्याची. एक झोपेची, ती शेजारच्या म्हातारीनं दिलेली. आणि ती बारकी पिवळी. डॉक्टरीण म्हणाली, बहुतेक स्टेरॉइड आहे. चेहरा बघूनच मला शंका आली होती.

मग तिनं मला समजावून सांगितलं. मास्तरीण पोराला समजावते तसं. दुखण्याची गोळी शरीरातली काही रसायनं अडवते, म्हणून दुखणं कमी होतं. पण तीच रसायनं पोटाच्या आतलं अस्तर राखतात आणि मूत्रपिंडात रक्त खेळतं ठेवतात. रोज रोज अडवली की पोटात व्रण पडतो, आतल्या आत रक्त वाहतं, म्हणून काळं. म्हातारपणी मूत्रपिंड आधीच निम्म्या ताकदीवर आलेलं असतं, तरण्या माणसाच्या अंगातून जे औषध लवकर निघून जातं ते म्हाताऱ्याच्या अंगात रेंगाळतं. त्यात बीपीची गोळी, त्यात लघवीची गोळी, वरून उन्हानं सुकलेलं अंग. सगळं एका टायमाला मूत्रपिंडावर पडलं. एकेक गोळी वाईट नाही, मोट वाईट. आणि स्टेरॉइडनं तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

मी तावातावानं म्हणालो, सगळ्याच फेकून देतो. ती म्हणाली, खबरदार. स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं तसलं रसायन बनवायचं थांबवतं. एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो. हळूहळू कमी करावं लागतं. म्हणून तुम्हालाही सांगतो दोस्तांनो, हे वाचून घरी जाऊन कुणाची चंची नालीत रिकामी करू नका.

माय हे सगळं ऐकत होती. सलाईन लागलेलं. मला म्हणाली, "बाबासाहेबानं शिका म्हणलं व्हतं. तू शिकलास. मग हे कामून न्हाई वाचलं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मीच उलट विचारलं, "एवढ्या गोळ्या कामून खायचीस? दुखणं एवढं होतं तर बसायचं घरी."

"दुखणं थांबावं म्हून कोण खातंय? रोज बुडू न्हाई म्हून खायचे."

दोस्तांनो, या एका वाक्यापुढं माझी सगळी व्याख्यानं फिकी पडली. ती गोळी मजुरीची होती. खुरपं, विळा, तशी गोळी. रानात जायचं हत्यार. फरक एवढाच, की याची धार आत चालत होती.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचा प्रसंग आहे. त्यानं तो पत्रात लिहिला होता आणि ते पत्र 1929 साली 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. बायको नुकती बाळंत झालेली, आजारानं खंगलेली. डाक्टर वस्तीत यायला तयार नाही. शेवटी आला तो वस्तीबाहेरच थांबला. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परत त्याच वाटेनं डाक्टरकडं. हात न लावता निदान. ती बाई वाचली नाही.

आज डाक्टर हात लावतो. सुई मारायला हात लावावाच लागतो. पण विचारत नाही. आमच्या आज्याला औषध मिळत नव्हतं, आमच्या मायला नुसतं औषधच मिळतं; नाडी, तपासणी, दोन शब्द मिळत नाहीत. तेव्हा थर्मामीटर तिसऱ्याच्या हातातून यायचं, आता पुडी येते. मधलं अंतर तेवढंच.

आज्यावरनं आठवलं. आमचा आजा मेलेली ढोरं ओढायचा. माळावर ढोर टाकलं की दोघं यायचे, आभाळातून गिधाडं आणि गावकुसाबाहेरून आमचा आजा. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला सांगितलं होतं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. आमचा मुलूख निजामाचा, इथं ते उशिरा रुजलं. आज्यानं धम्मदीक्षेनंतर ते काम टाकलं. गिधाडं तेवढी राहिली. नंतर तीही दिसेनाशी झाली. 1990 नंतरच्या पंधराएक वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव संपली. 2004 साली त्याचं कारण जगापुढं आलं. डायक्लोफिनॅक. दुखण्याचंच औषध. ढोराला सुई दिलेली, ढोर मेलं, गिधाडांनी खाल्लं, आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2006 साली सरकारनं ढोरांसाठी हे औषध बंद केलं. तरी माणसांच्या नावानं निघालेल्या मोठ्या बाटल्या ढोरांना वापरत होते, म्हणून 2015 साली त्या बाटल्याही बंद केल्या.

मायच्या चंचीतली पांढरी गोळी तीच होती. डायक्लोफिनॅक.

गिधाडाचं अंग वेगळं, माणसाचं वेगळं, हे मला कळतं. ते थोडक्या औषधानंही मरतं. माणसासाठी हे औषध बंद करा असंही मी म्हणत नाही; तपासून, थोडे दिवस दिलं तर ते कामाचं आहे. गिधाडं वाचवली त्याचाही राग नाही, वाचवायलाच पाहिजेत. पण गिधाड कशानं मेलं हे कुणीतरी त्याचं पोट फाडून बघितलं. आमच्या वाड्यातला म्हातारा पाय सुजून मेला की आपण म्हणतो, वय झालं होतं. कुणी चंची उघडून बघितली?

कायदा आहे. डायक्लोफिनॅक काय, स्टेरॉइड काय, ही औषधं अनुसूची 'एच' मधली. डाक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं पाकिटावरच छापलेलं असतं. संविधानाची कलमं पाठ असलेले आपण, हे बारीक अक्षर वाचत नाही. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता, पायदुखीनं ते शेवटच्या वर्षांत बेजार होते, आणि तशात त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून काढला. दुखऱ्या शरीराची किंमत काय असते ते आपल्या चळवळीला वेगळं शिकवायला नको.

माय वाचली. मूत्रपिंड पुरतं सुधारलं नाही, क्रिएटिनीन दोनवर येऊन थांबलंय. आता चार गोळ्या आहेत. पाकिटावर मी पेनानं सूर्य आणि चांद काढून दिलेत. सूर्याची सकाळी, चांदाची रात्री. गुडघे दुखतातच. शेकते, तेल लावते, काठी घेतलीय. रानात जात नाही. तिचा रोज बंद झाला, तो मला भरावा लागतो, आणि तो आधीच भरायला पाहिजे होता, हेही लिहून ठेवतो.

नंतर आम्ही पोरांनी एक केलं. रविवारी वंदना झाली की विहारात सतरंजीवर म्हाताऱ्यांच्या पिशव्या सोडायच्या. आम्ही कुणी डाक्टर नाही. गोळी बंद कर, गोळी बदल, असं सांगायचं नाही. नुसतं नाव वाचायचं, वहीत उतरवायचं, आणि ती वही आणि तो म्हातारा दोघांना धरून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं. आशाताई सोबत येते. बीपी-शुगरच्या गोळ्या तिथं फुकट मिळतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचारालाही पैसे नाहीत. क्रिएटिनीन तपासा म्हणून मागायचं. मागायला आपल्याला कुणी शिकवायला नको.

पहिल्या रविवारी फक्त चार म्हाताऱ्या आल्या. एकीच्या पिशवीत तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या हृदयाच्या गोळ्या निघाल्या. "फुकट कामून घालवू?" म्हणाली. एकीकडं 2019 लाच मुदत संपलेलं पाकीट होतं. आम्ही वाचत होतो, वहीत लिहीत होतो. दाराशी एक म्हातारी बराच वेळ उभी होती. पदराची गाठ हातात घट्ट धरून. शेवटी ती आत आली, माझ्यापुढं बसली, गाठ सोडली आणि म्हणाली,

"वाच बाबा, मपलं बी वाच."