ध्रुव किल्ल्यावर, दुर्बीण गच्चीवर

दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढतो म्हटलं की सगळे दुर्बीण केवढी ते विचारतात. खरा खर्च तिच्या खाली असतो, तिला धरून फिरवणाऱ्या माउंटवर. पृथ्वी फिरते म्हणून तारे सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतात. पाच मिनिटांच्या एका फोटोत सव्वा अंश, म्हणजे चंद्राची अडीच बिंबं! माउंटने ताऱ्याच्या मागे तेवढंच सरकायचं, तेही विकलेच्या हिशोबात.

त्यासाठी त्याचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर लावावा लागतो. ग्वाल्हेरला तो २६ अंश कलवायचा, कारण ध्रुव इथे साधारण तेवढाच उंच दिसतो. लष्करातल्या आमच्या गच्चीवरून तो किल्ल्याच्या अंगाला, पण बराच वर असतो. (पुण्यात साडेअठरा अंशांवरचा ध्रुव समोरच्या सोसायटीमागे लपायचा.)

हेच गणित दगडात पाहायचं तर उज्जैनला जा. सवाई जयसिंगाच्या वेधशाळेतल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत अशीच, फक्त २३ अंशांवर. ती पडझड झालेली वेधशाळा १९२३ मध्ये आपल्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपट्यांनी तिचा कारभार पाहिला. शाळेच्या सहलीत हे कुणीच सांगत नाही.

तर माझ्यापुढे दोन माउंट होते. स्काय-वॉचरचा ईक्यू६-आर वीस किलो पेलतो, पण नुसतं डोकंच सतरा किलोंचं. शिवाय तोल साधायची लोखंडी वजनं आणि तिपाई. झेडडब्ल्यूओचा एएम५ पाच किलोंचा, आणि वजनं न लावता तेरा किलो पेलतो. मात्र त्याच्या हार्मोनिक गिअरची चाल स्वतःहून तितकी सरळ नसते. दुसरा छोटा कॅमेरा सतत एका ताऱ्यावर रोखून चूक सुधारत राहावी लागते. माझी दुर्बीण कॅमेऱ्यासकट सहा किलोंच्या आत, म्हणजे दोन्ही चालले असते.

मित्रांचं मत ईक्यू६ला होतं. किंमत दोन्हीकडे काही पगारांची, त्यामुळे पुन्हा बदलणं नाही. पण आमचा वाडा तीन जिन्यांचा आणि बाबांचा गुडघा दुखरा. मला नक्षत्रं त्यांनीच दाखवली. सतरा किलो उचलायला ते नक्की पुढे येणार आणि मी नको म्हटलं की रागावणार. शिवाय लष्करात दिव्यांचा उजेड, डिसेंबर-जानेवारीत धुकं, मे महिन्यात धूळ. चांगल्या रात्री मोजक्याच, आणि त्या शहराबाहेर. जो माउंट गाडीत चढतो तोच वापरला जातो.

एएम५ घेतला. या अमावास्येला शिवपुरीच्या बाजूला जायचं आहे. माउंटची पिशवी बाबांनी आत्ताच स्वतःकडे घेतली आहे.