डावीकडे ओढणारी गाडी

केशोरी हे अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, गडचिरोलीच्या सीमेजवळचे गाव. धानाची आणि मिरचीची शेती, आजूबाजूला जंगल. रात्री-बेरात्री कुणाच्या छातीत दुखले, कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, की मोहल्ल्यातली माणसे आमचे दार वाजवतात. कारण दारात एक मारुती ८०० उभी असते. २००८ सालची, जुनी घेतलेली. कंपनीने हे मॉडेल २०१४ साली बंद केले, आमच्याकडे मात्र ते अजून नोकरीवर आहे. म्हणून या गाडीचे दुखणे आमच्या एकट्या घराचे राहत नाही.

गेल्या वर्षी अम्मींना डॉक्टरांना दाखवायला गोंदियाला गेलो होतो. उलट बाजूने आलेल्या मोटारसायकलवाल्याला वाचवताना पुढचे डावे चाक फुटपाथच्या दगडी कडेवर आदळले. कुणाला खरचटले नाही, टायरही फुटला नाही. अल्लाहचे शुक्र मानून पुढे निघालो. परतीच्या वाटेवर ध्यानात आले की गाडी सरळ न्यायची तर स्टिअरिंग जरासे उजवीकडे धरून ठेवावे लागते. हात सैल सोडला की ती डावीकडे ओढते.

एका वर्कशॉपमध्ये संगणकावर अलाइनमेंट करून घेतली. पडद्यावरचे लाल आकडे हिरवे झाले. एक तेवढा लाल राहिला, त्याबद्दल कुणी काही सांगितले नाही. स्टिअरिंग सरळ झाले, ओढ मात्र पुरती गेली नाही. दोन महिन्यांत डाव्या टायरची बाहेरची कड झिजून गुळगुळीत झाली. दुसऱ्या एकाने सल्ला दिला, ‘विकून टाका हा डबा.’ मास्तरकीच्या पगारात घराचे हप्ते फेडणाऱ्याला हा सल्ला फार सोपा नसतो.

शेवटी गाडी नेली एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे. त्यांच्यापाशी यंत्र नव्हते. टेप, खडू, ओळंबा आणि जॅक. ‘मास्टरसाब, पहले मर्ज देखेंगे, दवा बाद में,’ ते म्हणाले.

आधी चारही टायरची हवा तपासून बरोबर केली; एका बाजूला हवा कमी असली तरी गाडी तिकडे ओढते. मग पुढच्या टायरांची डावी-उजवी अदलाबदल करून चक्कर मारली. ओढ उजवीकडे गेली असती तर दोष टायरचा ठरला असता. ती डावीकडेच राहिली. थांबल्यावर दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. एक जास्त तापले असते तर ब्रेक चिकटत असल्याचा संशय होता. चाक जॅकवर उचलून फिरवले, रिमजवळ खडू धरला. रिम डगमगली नाही. चाक दोन्ही हातांनी धरून आडवे, मग उभे हलवून पाहिले; कुठे ढिलेपणा नव्हता. एवढे झाल्यावर टेप निघाला. या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर २१७५ मिलिमीटर. उजवीकडे ते बरोबर भरले, डावीकडे बारा मिलिमीटर कमी. ओळंबा धरला तर डावे चाक वरून बाहेर झुकलेले. खालचा आर्म वाकला होता.

मग त्यांनी समजावून सांगितले. चाकांची तोंडे आत वळली आहेत की बाहेर, याला टो म्हणतात. मारुती ८०० मध्ये टाय-रॉड फिरवून टो बदलता येतो. तो एका अंशाने चुकला तरी चाक दर किलोमीटरला सुमारे १७ मीटर आडवे घासत जाते. चाकाचा उभा झुकाव म्हणजे कॅम्बर. तो बदलायची सोय या गाडीत नाही. तो बिघडला याचा अर्थ काहीतरी वाकले आहे. वर्कशॉपने टो जुळवला आणि वाकलेला आर्म तसाच ठेवला. लाल राहिलेला आकडा कॅम्बरचा होता.

आर्म तापवून सरळ करता येईल का, असे आम्ही विचारले. त्यांनी मान हलवली. तापवून ठोकलेले लोखंड कधी दगा देईल सांगता येत नाही. नवा आर्म एका टायरपेक्षा स्वस्त पडला. तो बसवून पुन्हा मोजले, दोन्ही बाजू जुळल्या, तेव्हाच त्यांनी गाडी यंत्रावर पाठवली.

बी.एड.ला नैदानिक चाचणी शिकवतात. आमच्या वर्गातली मुले उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि मराठीच्या तासाला डावीकडून उजवीकडे. एखादे मूल ‘घर’चे ‘रघ’ करते. यामागे लिपीची सवय असेल, डोळ्यांचा दोष असेल, नाहीतर नुसती घाई. लाल शाईने खोडून वर ‘घर’ लिहिले की वही सुधारते, मूल होते तिथेच राहते. कारण शोधायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे गुण कुणी देत नाही. मिस्त्रींनी मात्र त्यावर अख्खी दुपार घातली.

तेव्हा जुन्या गाडीचे चाक कुठे जोरात आदळले तर नुसत्या सरळ झालेल्या स्टिअरिंगवर समाधान मानू नये. अलाइनमेंटचा कागद मागून घ्यावा, लाल आकडा कशाचा आहे आणि तो का राहिला, हे तिथेच विचारावे. जंगलातल्या रस्त्यावर, मागच्या सीटवर अडलेली बाळंतीण असताना, विचारायला कुणी भेटत नाही.