जाण्यायेण्याचा खर्च

घाटकोपरच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाला वाक्य मध्येच थांबवण्याची सवय करून घ्यावी लागते. सांताक्रूझला उतरणारी विमाने आमच्या गच्चीवरून जातात. क्रियापद यायच्या आत विमान येते. मग मी खडू हातात धरून उभी राहते, मुले ओठ मिटून बसतात, आणि आवाज कुर्ल्याकडे सरकला की वाक्य पुरे होते. मुलांना त्या आवाजांची जात कळते. "बाई, हे छोटं होतं," असे खिडकीकडे न बघता सांगणारी मुले माझ्या वर्गात आहेत. मोठे विमान तिकीट काढून बसणाऱ्यांचे, छोटे एकाच शेटजींचे, अशी त्यांची सोपी वाटणी आहे.

त्या छोट्या विमानांची हकीकत मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळली. असल्फ्याच्या टेकडीवर वाढलेला हा मुलगा आज खाजगी विमानांची व्यवस्था पाहणाऱ्या एका कचेरीत नोकरीला आहे. २०२३ साली तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तो उरल्यासुरल्या फराळाला आला, तेव्हा त्याचा आवाज पार बसलेला होता. मी म्हटले, "सामन्यात ओरडलास वाटतं?" तो म्हणाला, "नाही हो बाई, फोनवर बोलून."

त्या वर्षी भाऊबीजेच्या दिवशी, १५ नोव्हेंबरला, वानखेडे मैदानावर क्रिकेटच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. विराट कोहलीने एकदिवसीय सामन्यांतले पन्नासावे शतक काढले, महंमद शमीने सात गडी बाद केले आणि आपण न्यूझीलंडला हरवले. अंतिम सामना १९ तारखेला अहमदाबादेस होता. हाती दिवस उरले तीन. आपला संघ अंतिम फेरीत असल्याशिवाय जायचे कशाला, असा विचार करून थांबलेली सारी बडी मंडळी त्या रात्री एकदम जागी झाली आणि ह्याच्या कचेरीतले फोन वाजू लागले.

कादंबरी लिहिणाऱ्याला दुसऱ्याच्या खिशात डोकावण्याची खोड असतेच. मी विचारले, "तासाला किती रे पडतात?"

"लाखांत, बाई. आणि विमान रिकामं परतलं तरी त्या फेरीचं भाडंही गिऱ्हाइकाकडूनच."

"म्हणजे रात्री आपल्या स्टेशनावरचा रिक्षावाला रिटर्न भाडं मागतो तसंच की!"

तो हसला, पण उपमा त्याला पटली.

माझी समजूत अशी होती की, ज्याच्या हाताशी विमान आहे त्याने मनात आले की निघावे. तसे मुळीच नाही. उतरण्याची वेळ आधी मागून घ्यावी लागते आणि दिलेली वेळ चुकली तर वरच घिरट्या घालाव्या लागतात. प्रवाशांची नावे आधी कळवावी लागतात. आयत्या वेळी एखादे मेहुणे वाढले तर बसायला जागा नसते, आणि मेहुण्यांना ते समजावून सांगणे हे सगळ्यांत कठीण काम! वैमानिकाच्या कामाचे तास नियमाने बांधलेले असतात, तेव्हा सामना लांबला तर त्याच्या झोपेचाही हिशेब धरावा लागतो. त्यातून अहमदाबादेस त्या दिवशी शंभराच्या घरात खाजगी विमाने येणार असे वर्तमानपत्रांत छापून आले होते. एवढी विमाने उभी करायची कुठे? म्हणून माणसे उतरवायची, विमान दुसऱ्या एखाद्या गावी नेऊन ठेवायचे आणि सामना संपत आला की परत बोलवायचे.

"जिंकलो तर मंडळी उशिरा निघणार, हरलो तर लवकर," तो म्हणाला. "आम्ही दोन वेळापत्रकं तयार ठेवली होती, बाई."

त्या रविवारी ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा काढल्या, ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून चषक नेला आणि त्याचे दुसरे वेळापत्रक कामाला आले. आदल्या रात्री रेल्वेनेही मुंबईहून अहमदाबादला खास गाड्या सोडल्या होत्या. त्यांतून गेलेल्यांनाही दुःख तेवढेच झाले असणार. फक्त ते त्यांना रात्रभर जागून, एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून घरी आणावे लागले.

वाचकहो, माझा विमानावर राग नाही. आपल्या उपनगरातल्याच जुहूच्या धावपट्टीवर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपले लहानसे विमान स्वतः चालवीत उतरले. वाटेत ते अहमदाबादेसच थांबले होते, आणि तिथे विमानात भरायचे पेट्रोल डब्यांतून, बैलगाडीवर लादून आले होते. विमानाचे पेट्रोल बैलांनी ओढावे ही गोष्ट माझ्या मुलांना इतकी आवडते की, मी ती वर्षातून दोनदा सांगते.

बैलगाड्यांची आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगते. तीही जागतिक सामन्याला जाण्याचीच आहे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना मदत केली होती. खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे ठरले आणि पुन्हा पैशांचा प्रश्न उभा राहिला. गावाने वर्गणी काढली. ज्याला जे जमले ते त्याने दिले, तरी पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. त्यांनी विद्यार्थ्याच्या जाण्यायेण्यासाठी डोक्यावरचे छप्पर डावाला लावले. शिक्षकाच्या पेशातल्या माणसाला ही गोष्ट वाचून झोप येणे कठीण आहे. मी स्वतःला विचारून पाहिले आहे, पण उत्तर इथे लिहीत नाही. आणि आमचे घर तर अजून बँकेचेच आहे!

हेलसिंकीला एका कुस्तीनंतर लगेच दुसरीसाठी खाशाबांना पुकारले गेले. मधे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता; पण तो बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेल्या अंगाने ते उतरले आणि हरले. तरीही २३ जुलै १९५२ रोजी त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडच्या स्टेशनावर त्यांना न्यायला १५१ बैलगाड्या आल्या होत्या, असे सांगतात. त्या गाड्यांत बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची वर्गणी त्या पदकात होती.

मला सगळ्यांत मोठी वाटते ती त्यानंतरची गोष्ट. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशांतून खर्डेकरांचे गहाण घर सोडवून दिले. सरकारी मानसन्मान त्यांच्या वाट्याला फार उशिरा आला. १९८४ साली ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार २००० साली मिळाला. पण आपल्याकडून द्यायचे होते ते त्यांनी वेळेवर दिले.

ही गोष्ट मी इतकी वर्षे नुसती सांगत होते. गेल्या हिवाळ्यात ती अंगाशी आली. आमच्या नववीतली एक मुलगी कुस्तीच्या राज्य पातळीवरच्या स्पर्धेसाठी निवडली गेली. स्पर्धा विदर्भात. आगगाडीचे भाडे, कुस्तीचे बूट, आठ दिवसांचे खाणेपिणे असा आकडा मांडला आणि तिची आई, जी चार घरची धुणीभांडी करते, गप्प बसली. शिक्षकांच्या खोलीत मी एक वही फिरवली. कोणी पाचशे लिहिले, कोणी शंभर; शिपाईकाकांनी पन्नास लिहिले आणि तेवढ्याच हाताने दिलेही. माझा विमानतळावरचा विद्यार्थी त्याच सुमारास भेटायला आला होता. त्याने वही ओढून घेतली, उरलेला सगळा आकडा स्वतःच्या नावावर मांडला आणि पुढे लिहिले, "परत नको."

मुलगी जाऊन आली. दुसऱ्या फेरीत हरली. ते तिने मला शाळेच्या दारातच सांगून टाकले आणि मग कोणत्या डावावर हरली ते हातवारे करून दाखवले. पुढच्या वर्षी तो डाव कोणी तिच्यावर टाकून बघावा!

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. तिने वही मागितली. अक्षरे जोडून जोडून ती एकेक नाव वाचू लागली. मी म्हटले, "अहो, ही काही उधारी नाही. सगळ्यांनी हौसेनं दिलंय."

"व्हय बाई, हौसेनंच दिलंय," ती म्हणाली. "पण आमालाबी फेडायची हौस असंल का नाई? पोरगी कमावती झाली की एकेकाचं देईल. तवर ही वही जपून ठेवा."

मग तिने माझ्या टेबलावरचे पेन उचलले, शेवटच्या ओळीवर आली आणि "परत नको" ह्या दोन शब्दांवर सावकाश, सरळ रेघ मारली.